दोन सह्यांची काच घेऊन नाशिकला

माझ्या मांडीवरच्या डब्यात काय आहे, हे गाडीतल्या शेजारणीला मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "काचा आहेत," म्हटलं तर ती म्हणाली, "बांगड्यांचं दुकान का?" मी नुसती मान हलवली. तिने ती होकारार्थी घेतली आणि वहिनीच्या डोहाळजेवणाला कोणत्या रंगाच्या बांगड्या शोभतील, यावर माझं मत विचारत बसली. मीही हिरव्या सांगून मोकळी झाले. खरं म्हणजे त्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा होत्या आणि त्या काचांवर वाळवून रंगवलेले पुरुषांचे शुक्राणू. प्रवासात ओळख वाढवायला हा विषय काही बरा नाही.

मी चिपळूणला एका लॅबमध्ये काम करते. निम्मं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं. मूल होत नाही म्हणून जोडपी येतात, तेव्हा नवऱ्याच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार तपासतात. त्यातलं आकाराचं काम सगळ्यात कटकटीचं. नीट शुक्राणू कसा, तर डोकं लांबट गोल, कड गुळगुळीत, पुढे व्यवस्थित बसलेली टोपी, बारीक मान आणि एकच मोकळी शेपटी. नियम असा कडक की जरा शंका आली तरी तो सदोषात टाकायचा. आणि निरोगी माणसाचेसुद्धा बहुतेक शुक्राणू वाकडेतिकडेच असतात. शंभरात चार नीट निघाले तरी पुरे मानतात. पण 'नीट' कशाला म्हणायचं हे शेवटी डोळा ठरवतो, आणि डोळा बदलला की आकडा हलतो. म्हणून एकच काच दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळतात का ते पाहायचं, अशी पद्धत आहे. नाशिकच्या एका लॅबने याच विषयावर कार्यशाळा ठेवली होती, तिला मी निघाले होते.

डब्यातली एक काच मात्र मला कार्यशाळेपेक्षा महत्त्वाची होती. तिची गोष्ट तिच्यामागच्या नवरा-बायकोला विचारून आणि नावं बदलून लिहितेय.

आमच्या शेजारच्या शैलावहिनींची मुलगी श्रद्धा पिंपळगाव बसवंतला दिलेली आहे. तिचा नवरा महेश तिथे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. मूल होईना, आणि गावात बभ्रा नको, म्हणून दिवाळीत दोघं चिपळूणला आली तेव्हा महेशची तपासणी आमच्या लॅबमध्ये केली. आकारात शंभरातले दोनच नीट निघाले. पुढे त्याने नाशिकच्या दुसऱ्याच एका लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतलं, तर तिथे सहा. एक रिपोर्ट म्हणतो ठीक आहे, दुसरा म्हणतो नाही. महेशने आमचा खरा धरला, कारण आमच्या रिपोर्टवर दोन सह्या होत्या, माझी आणि माझ्या सहकारी नीलिमाची. नाशिकच्या रिपोर्टवर एकच होती. मग त्याने शैलावहिनींना फोन करून सांगितलं, "श्रद्धाला घेऊन जा. माझ्यापायी तिचं आयुष्य वाया नको."

शैलावहिनींनी रडून घेतलं, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "सुमन, तू त्या बाजूला चाललीच आहेस, तर येताना पोरीला घेऊन ये."

म्हणजे जाताना डबा आणि येताना पोरगी. महेशची काच सोबत घेण्यात माझा हेतू फार थोर होता असं नाही. सहा आकडा देणारा तो जो कोण नाशिककर होता तो सैल हाताचा आहे आणि आमचेच दोन बरोबर आहेत, एवढं मला चारचौघांत सिद्ध करायचं होतं.

थंडी, मिसळ आणि वर केलेले हात

फेब्रुवारीत नाशिकला सकाळी एवढी थंडी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे स्वेटर हा तान्ह्या बाळांचा पोशाख. मी सुती साडीत कुडकुडत रिक्षात बसले, तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, लय लांबून आल्या वाटतं. शाल नाय आणली? रामकुंडावर तर अजून गार लागंल." मी देवदर्शनाला नाही, कामाला आले आहे म्हटल्यावर त्याचा जरा हिरमोड झाला. तरी त्याने प्लास्टिकचा पडदा सोडून वारा अडवला आणि लॅबच्या दारापर्यंत रिक्षा आत घातली.

लॅबच्या प्रमुख देवरे मॅडम. साठीला आलेल्या, ठेंगण्या, केसांत मेंदी, मूळच्या कळवणकडच्या. माझे ओठ निळे पडलेले पाहून त्यांनी नमस्काराच्या आधी स्वतःची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. ती शाल मी निघेपर्यंत वापरली. त्यांनी एकदाही परत मागितली नाही आणि स्वतः पंख्याखालून उठून दुसरीकडे बसायच्या. इतक्या थंडीत पंखा कशाला चालू होता, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

कामाला बसण्याआधी मॅडम आम्हा सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेल्या. द्राक्षाच्या बागेला लागून पत्र्याचं छप्पर, त्याखाली लांब बाकं. मिसळीबरोबर भाजलेला पापड, दही आणि वाटीभर काळा रस्सा. आमच्याकडे मिसळ म्हणजे सकाळच्या घाईतली सोय. इथे लोक अख्खं कुटुंब घेऊन, वेळ काढून येतात आणि रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतात. मीही मागितला. वाढणाऱ्याचा हात आणि माझी पिशवी यांची नेमकी गाठ पडली आणि रस्सा सगळा पिशवीवर. मी काचांचा डबा छातीशी धरून अशी किंचाळले, की शेजारच्या टेबलावरची मुलं खायची थांबली. डब्याला काही झालं नव्हतं. पिशवीला मात्र अजून मसाल्याचा वास येतो, आणि मला तो आवडायला लागला आहे.

पहिल्या दिवशी मॅडमनी पडद्यावर एकेक शुक्राणू मोठा करून दाखवला. नीट वाटला तर हात वर करायचा. सोलापूरच्या दोन मुली होत्या, धुळ्याचा एक तरुण डॉक्टर होता, आणखी पाचसहाजण. वयाने आणि अनुभवाने मीच मोठी. त्यामुळे माझा हात आधी वर जायचा, आणि नसेल जात तर आवाज जायचा. "टोपी बघा किती छोटी! सदोष!" संध्याकाळपर्यंत आमचे हात इतके एकजुटीने वर जायला लागले, की मला वाटलं, आता आपण इथे शिकायला कशाला थांबायचं?

जेवताना मी मॅडमना सांगितलं, "आमच्या लॅबमध्ये माझा आणि नीलिमाचा आकडा जुळला नाही असं कधी झालंच नाही."

मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"सुमनताई, माझा सकाळचा आकडा माझ्या दुपारच्या आकड्याशी जुळत नाही हो कधी कधी," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बाई विनयशील दिसतात.

काळे पडदे

दुसऱ्या दिवशी आत गेले तर टेबलांच्या मध्ये काळे पडदे लावलेले. मतदानाला आडोसा करतात तसे. काचांवरची नावं झाकून नुसते अंक चिकटवले होते. बोलायचं नाही, विचारायचं नाही, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. प्रत्येकाने मोजायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि चिठ्ठी मॅडमच्या हातात द्यायची.

चहाच्या वेळी मॅडमनी आकडे फळ्यावर लिहिले आणि आम्ही बघतच राहिलो. एकाच काचेवर एकाला एक नीट सापडतोय, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला आठ. काल ज्यांचे हात एकदम वर जात होते, ती हीच माणसं!

धुळ्याचा डॉक्टर मान खाजवत म्हणाला, "ताई, काल तुम्ही इतकं ठासून सांगत होत्या, म्हटलं आपलंच चुकत असेल." सोलापूरच्या मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "मोठ्या माणसांसमोर वेगळा हात कसा वर करायचा?"

"काल तुम्ही कुणी शुक्राणू बघितलेच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "काल सगळ्यांनी सुमनताईंना बघितलं."

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

मग मला तिथे बसवेना. व्हरांड्यात जाऊन मी नीलिमाला फोन लावला. नीलिमा माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम करते. गणपतीत तिच्या हातचे मोदक आमच्याकडे येतात, माझ्या आजारपणात तिने माझ्या घरचा स्वयंपाक केला आहे. मी तिला सरळ विचारलं, "महेशची काच तू वेगळी मोजली होतीस ना?"

"मोजली होती की, ताई."

"किती आले होते तुझे?"

"पाच आले होते. पण तुमचे दोन लिहिलेले दिसले. म्हटलं, ताई चुकणार नाहीत, माझंच काहीतरी गडबडलं. म्हणून पुन्हा मोजली, तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... जरा कडक."

तिला काय बोलायचं? तिने खोटेपणा केला नव्हता. तिने माझा मान ठेवला होता, इतकी वर्षं, रोज, मनापासून. आणि त्या मानापायी महेशच्या रिपोर्टवर दोन सह्या झाल्या, ज्यांच्यातली एक माझीच सावली होती. पिंपळगावात एक माणूस त्या दोन सह्यांकडे बघून बायकोला माहेरी पाठवायला निघाला होता. मला रडू आलं. व्हरांड्यातल्या कुंडीतल्या तुळशीकडे बघत मी ते आवरलं आणि नाक पुसून आत गेले.

(परत आल्यावर आम्ही दोघींच्या टेबलांमध्ये जुनं कॅलेंडर पुठ्ठ्यावर चिकटवून आडोसा केला आहे. नीलिमाचे आकडे आता माझ्याशी भांडतात आणि नीलिमासुद्धा. परवा तिने मला तोंडावर सांगितलं, "ताई, ही टोपी छोटी नाहीये, तुमचा चष्मा बदला." मी चष्मा बदलला.)

महेशची काच मी सकाळीच दोन्ही रिपोर्टांसकट मॅडमच्या स्वाधीन केली होती. दुपारी त्यांनी ती इतर काचांमध्ये मिसळून तिघांसमोर ठेवली. त्या तिघांत मीही होते आणि मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "धुळ्याच्या डॉक्टरांचे पाच. आमच्या इथल्या तंत्रज्ञाचे चार. आणि तुमचे साडेतीन."

"माझे?"

"सात नंबरची काच. ती तुमचीच होती."

मी खुर्चीत बसले. साडेतीन मी दिले होते, आडोशामागे बसून, काच कुणाची ते ठाऊक नसताना. दिवाळीत मीच तिला दोन दिले होते.

मॅडमनी विचारलं, "पेशंट ओळखीचा होता का?"

"शेजारच्या मुलीचा नवरा."

"मग बरोबर आहे. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तुम्ही त्याला जास्तच तासलंत. माझ्या भावाची काच आली होती तेव्हा मी हातसुद्धा लावला नाही, दुसऱ्याला दिली." मग कागदावर आकडा मांडत त्या म्हणाल्या, "आपण दोनशे मोजतो. दोन टक्के म्हणजे चार शुक्राणू, चार टक्के म्हणजे आठ. एवढा फरक तर नुसता काचेची कुठली बाजू बघितली यानेसुद्धा पडतो. तो सहावाला आणि तुम्ही दोनवाल्या, दोघंही आपापल्या जागी ठामच असणार. आणि ह्याची संख्या चांगली, हालचाल चांगली. नुसत्या आकाराने कुणाचं दार बंद होत नाही, हे त्याला कुणी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही आकडा दिला, सह्या केल्या आणि पुढच्या काचेकडे वळलो.

त्या रात्री मॅडमनी मला घरी जेवायला नेलं. दारातच त्यांच्या आईंनी मला, अनोळखी बाईला, आपल्या अहिराणीत विचारलं, "जेवन व्हयनं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पालथ्या खापरावर त्यांनी पुरणाचे मांडे भाजले. हातावर खेळवून पोळी एवढी मोठी आणि पातळ केली, की आमच्या कोकणातल्या पोळ्या तिच्यापुढे फुलक्यांसारख्या दिसल्या असत्या. मी दोन खाल्ले, तिसरा त्यांनी मी नको म्हणत असताना वाढला, आणि तोही खाल्ला. दिवसभर माझ्या कामाची सालं निघत होती, आणि त्याच दिवशी इतकी माया करून कुणी जेवायला घालावं, याचं मला फार वाटलं. निघताना मी दोघींच्या पाया पडले. मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या, त्या संकोचल्या, पण मला राहवलं नाही.

पिंपळगाव बसवंत

कार्यशाळा संपल्यावर पिंपळगावला गेले. दोन्हीकडे द्राक्षाच्या बागा, घड कागदात गुंडाळलेले, आणि रस्त्यावर क्रेटने भरलेले टेम्पो. कांद्याचा वास तर गावाच्या बराच आधी येऊन भेटतो. श्रद्धाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. सासूबाई निफाडला लेकीकडे गेल्या होत्या. महेश कामावर न जाता मुद्दाम घरी थांबला होता. त्याने मला नमस्कार केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. दाराशी श्रद्धाची पिशवी भरून ठेवलेली होती.

श्रद्धाने बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता आणि माझ्यासाठी वेगळा भात. "मावशी, तुम्ही भाताशिवाय उठणार नाही, मला माहितेय," ती म्हणाली. ती अगदी साधं बोलत होती, घरात काही झालंच नाही असं. महेश ताटातली भाकरी नुसती मोडत होता.

मी जेवण संपायची वाट पाहिली नाही. भाकरीचा तुकडा हातात असतानाच सगळं सांगून टाकलं. नीलिमाचे पाच, माझे आडोशामागचे साडेतीन, देवरे मॅडमचा कागद.

महेशने तो कागद जवळ ओढून घेतला. "म्हंजी मी काय समजायचं, मावशी? हाय का नाय?"

"रेषेवर आहे."

"रेषेवर म्हंजी?"

"म्हणजे मूल होईल असं मी सांगू शकत नाही, आणि होणार नाही असंही नाही. मॅडमनी दोघांना बोलावलंय, पुढे काय करायचं ते त्या नीट सांगतील. पण माझ्या रिपोर्टवरून तू जो निकाल लावलास, तो मागे घे. त्यावर सह्या दोन होत्या रे, डोळा एकच होता. माझं चुकलं."

महेशने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस, पॅकहाउसात शंभर जणांवर आवाज टाकणारा, भाकरीवर वाकून रडत होता.

मला वाटलं, आता श्रद्धाही रडेल. पण ती ताठ बसली होती.

"मावशी, तो तुमचा पहिला आकडा खरा असता तर?" तिने विचारलं. "दोनच असते, किंवा एक असता, तर?"

 उत्तर तिला माझ्याकडून नकोच होतं. ती महेशकडे वळली.

"तुम्ही आईला फोन केला. आईने मावशींना निरोप दिला. पिशवी तुम्हीच भरून दाराशी ठेवली. सगळ्यांनी सगळं ठरवलं. मला कुणी विचारलं, की तुला जायचंय का?"

"मला वाटलं," महेश डोळे पुसत म्हणाला, "तुला इचारलं तर तू भिडंपायी नाय म्हनशील. म्हणून मीच..."

"भीड? इतकी वर्षं तुमच्या आईच्या हातचं तिखट खातेय, ती भीड आहे होय?"

तो रडता रडता हसला. मग श्रद्धा रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी आमच्या अंगणात पडल्यावर रडायची तशी. "मी इथंच राहणार आहे," ती म्हणाली. "पोर होवो, न होवो. तुमच्या आकड्यासाठी आले नव्हते मी या घरात."

 बाहेरून एक टेम्पो गेला. महेश उठला, हात धुतले, आणि दाराशी जाऊन पिशवी उचलली. ती घेऊन तो आतल्या खोलीत गेला आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी तिथूनच शैलावहिनींना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. "निघालात का दोघी?"

"मी एकटीच येतेय," म्हटलं, आणि फोन श्रद्धाच्या हातात दिला.